दिडकी वहीत उतरावी

स्थानिक संस्कृतीतून गणित शिकवायचे, म्हणजे मुलाला आधीपासून येणाऱ्या हिशेबापासून धडा सुरू करायचा. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या शाळकरी मुलांसाठीही ही सुरुवात दाराशीच आहे. ३६ रुपये किलोचे कांदे दीड किलो घेतले, तर ३६ मध्ये त्याचे निम्मे १८ मिळवून ५४ होतात. आजी-आजोबांनी पाठ केलेली दिडकी ती हीच. वहीत मात्र ती ३६ × ३/२ अशी येते आणि अनोळखी वाटते.

हे अंतर मोजलेले आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहरातील ५ बालविक्रेत्यांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर होती; शाळेच्या पद्धतीने नुसते आकडे मांडल्यावर ती ३७ टक्क्यांवर आली.

अंगणातली ठिपक्यांची रांगोळी हे अंतर कमी करू शकते. मधल्या ओळीत ९ ठिपके, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत १ पर्यंत. एकूण ठिपके किती? एखादे मूल सगळे मोजेल, दुसरे ओळींची बेरीज करेल, तिसरे मान तिरकी करून ९ बाय ९ चा चौरस ओळखेल. उत्तर तिघांचेही ८१. लवचिक शिक्षण म्हणतात ते हेच.

अंबरनाथमधल्याच वालधुनी नदीकाठच्या शिवमंदिरातील शिलालेखावर शके ९८२ आहे. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १०६० मिळते. शहराचा इतिहास आणि हातच्याची बेरीज एकाच वेळी शिकून होते.

भाषेचाही विचार हवा. 'एकवीस' म्हणताना एकक आधी उच्चारतो, लिहिताना दशक आधी येतो. इथे लहान मुले गोंधळतात. म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' हे वाचनही दिले गेले. त्यावर मोठा वाद झाला. गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या पर्यायाची बाजू ठामपणे मांडली. दोन्ही वाटा खुल्या ठेवण्यात मुलांचेच हित आहे.

मात्र तोंडी हिशेबावर थांबून चालणार नाही. दिडकीपासून अपूर्णांकापर्यंत आणि रांगोळीपासून वर्गसंख्येपर्यंत मुलाला पोहोचवणे हे शाळेचेच काम आहे. त्यासाठी शिक्षकांनी उत्तर तपासण्याआधी एवढेच विचारावे: "कसं काढलंस?"