शाळांची तुलना कायद्याने करा

एकाच तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांची तुलना पटावर होते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी शिक्षण विभागाने २०२३ मध्ये 'समूह शाळे'चे प्रस्ताव मागवले. या शाळा कुणाच्या? वाडी, वस्ती, तांडा, पाड्यावरच्या लेकरांच्या. शाळा लांब गेली की आधी मुलीचं नाव गळतं.

आम्ही म्हणतो, तुलना शिक्षणहक्क कायदा, २००९ हातात घेऊन करा. साठ पटापर्यंत दोन शिक्षक, मुलींना वेगळं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी. कोणत्या गावात आहे, कोणत्या वस्तीत नाही?

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा दिल्या आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत असलेले आपण त्या समितीत किती जण आहोत? पुढच्या सभेला जाऊ, हिशेब मागू.

जय भीम!