कोणता हंबकर गोड?

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात विशीतला मुलगा आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र नांदतात, त्यांना 'हंबकर' हा शब्द नवा नाही. बाकीच्यांसाठी सांगते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या केसासारख्या तारेची वेटोळी असलेली एक डबी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात किंचित वीज उमटते आणि ॲम्प्लिफायरमधून तिचा आवाज होतो. एक वेटोळे असेल तर सिंगल कॉइल, दोन असतील तर हंबकर. आमच्या नातवाच्या गिटारला असे दोन हंबकर आहेत. ते काढून त्या जागी परदेशी बनावटीचे बसवायचे, हा त्याचा हट्ट गेले चार महिने चालू आहे. एकेकाची किंमत दहा हजारांच्या पुढे, आणि अख्खी गिटार अठरा हजारांची! वडील नाही म्हणाले, तर पठ्ठ्याने सुट्टीत हायवेवरच्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसून पैसे साठवले. त्याच्या कष्टांचे मला कौतुकच आहे. माझे भांडण आहे ते ज्या तुलनेच्या भरवशावर तो हे पैसे उधळायला निघालाय, तिच्याशी.

ही तुलना कशी असते ते मी त्याच्या शेजारी बसून तासन् तास पाहिले आहे. मोबाइलवर एक गृहस्थ येतात, एक पिकअप वाजवतात, मग दुसरा, मग तिसरा. पहिला 'वॉर्म', दुसरा 'क्रीमी', तिसरा म्हणे 'व्हिंटेज'. गिटार मधेच बदललेली असते. तारा नव्या की जुन्या ते सांगत नाहीत. बोट कुठे पडले, किती जोरात पडले, कोण पाहतो? आणि हे सगळे आमचे चिरंजीव ऐकतात मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर!

आता कोणी म्हणेल, की बाई, तुम्ही मराठी शिकवलेत, तुम्हाला यातले काय कळते? गिटार वाजवण्यातले काही कळत नाही. पण तुलना म्हणजे काय, हे कळायला गिटार यावी लागत नाही. आंबा गोड की फणस, हे ठरवताना आंबा पिकलेला आणि फणस कच्चा घेऊन चालेल का?

फरक नसतोच, असे मी म्हणत नाही. सिंगल कॉइल आणि हंबकर यांतला फरक तर आमच्या शिवऱ्यात आंधळ्यालाही, म्हणजे बहिऱ्यालाही, कळेल. आपल्याकडे घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ट्यूबलाइटचा चोक, विहिरीवरची मोटर, पिठाची गिरणी, सगळ्यांभोवती तिचा प्रभाव पसरलेला असतो. एकवेटोळी पिकअप तो पकडतो आणि ॲम्प्लिफायर घुंऽऽ करत बसतो. नातवाच्या मित्राची तसली गिटार आमच्या पडवीत आली होती, वाजवायच्या आधीच भुंगा शिरल्यासारखे वाटले. हंबकरमध्ये दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असतात, त्यामुळे बाहेरून आलेली घुणघुण एकीत अधिक, दुसरीत उणे होऊन विरते. मग गिटारचा आवाजही का विरत नाही? कारण दोन्हीकडचे चुंबकही उलटसुलट ठेवलेले असतात. उणे गुणिले उणे अधिक! हे नातवाने मला वहीत आकृती काढून समजावले, आणि फार छान समजावले. शिवाय तार दोन ठिकाणी टिपली जात असल्याने वरचे चिरके स्वर थोडे कापले जातात, म्हणून हंबकरचा आवाज गोलसर, भरदार.

माझा राग आहे तो हंबकर आणि हंबकर यांच्या तुलनेवर. त्यातही 'जुन्या पीएएफसारखा' या दोन शब्दांवर. हे पीएएफ प्रकरण मजेदार आहे. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५ साली हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९५७ पासून कंपनी पिकअपच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर', म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला आहे, अशी चिठ्ठी चिकटवू लागली. त्या तीन शब्दांची आद्याक्षरे म्हणजे पीएएफ. सरकारी भाषेतली एक पावती, तिचे आज सोवळे झाले आहे! १९५९ साली पेटंट मिळाले, तरी चिठ्ठी आणखी काही काळ तीच राहिली. पुढे नंबरची चिठ्ठी आली, तर तिच्यावरचा २७३७८४२ हा नंबर पिकअपचा नव्हताच. तो होता लेस पॉल यांच्या टेलपीसचा, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीचा. आणि आतला माल? वेटोळ्याला साधारण पाच हजार वेढे, पण ते मोजून तंतोतंत थांबवले जात नव्हते. चुंबक कधी एका प्रतीचा, कधी दुसऱ्या. हाताशी असेल तो. त्यामुळे एकाच कारखान्यातले दोन पीएएफ एकमेकांसारखे नाहीत. मग बाबा रे, तुझा दहा हजारांचा पिकअप 'पीएएफसारखा' म्हणजे त्यातल्या नेमका कोणत्यासारखा?

दुसरी लबाडी आवाजाच्या पातळीची. एकच सूर किंचित मोठा वाजवला तर माणसाच्या कानाला तो जास्त चांगला वाटतो, फक्त मोठा वाटत नाही. हे ध्वनिक्षेपणातल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. सत्तरच्या दशकात बदलून बसवायचे जोरकस पिकअप निघाले, डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन त्यातला पहिल्या पिढीतला. जोरकस पिकअपशेजारी सौम्य पिकअप वाजवला आणि पातळी सारखी केली नाही, तर सौम्य बिचारा हरणारच. वर्गात मोठ्याने ओरडणाऱ्या पोराचे उत्तर बरोबर वाटते, तसे.

मी घरात एक प्रयोग केला. नातवाला म्हटले, तुझ्या दोन मित्रांना पडवीत पाठमोरे बसव. गिटार तीच, हात तोच, तुकडा तोच. पहिल्यांदा आहे तसा वाजव. मग पिकअपच्या कडेचे दोन स्क्रू फिरवून तो तारांपासून थोडा खाली घे आणि ॲम्प्लिफायरचा आवाज तेवढाच वाढव. बदलले ते एवढेच. दोघेही मित्र दुसऱ्या खेपेला म्हणाले, "हा इंपोर्टेड ना? किती ओपन वाटतोय!" पिकअप तोच होता हो. अठरा हजारांच्या गिटारमधला, फुकट आलेला. नातू काही बोलला नाही, स्क्रूड्रायव्हर मात्र दिवसभर हातात होता.

व्हायोलिनवाल्यांनी हे जगासमोर केले आहे. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस इथे २१ वादकांना अंधाऱ्या खोलीत वेल्डरचे गॉगल घालून बसवले, वासावरून ओळखू नये म्हणून व्हायोलिनच्या हनुवटीखालच्या भागाला अत्तरही लावले. सहा व्हायोलिन होती, तीन नवी आणि तीन कोट्यवधींची जुनी इटालियन, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस. बहुतेकांनी नवे निवडले, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला. आपल्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवरही मुलाचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. का नसते, ते मास्तरांच्या घरात जन्मलेल्यांना सांगायला नको.

आणि आवाज पारखण्याची विद्या आपल्याकडे का नाही? मिरजेला जा. तिथला कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत अशा जागी आणतो की तार एकदम बोलू लागते. केसभर पुढे गेला तर बसली, मागे आला तर चिरकली. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आनंदच आहे. पण ते मानांकन तंबोरा कुठला ते सांगते. घोडी झिजून जवारी गेली की तोच मानांकित तंबोरा ठणठणाट करतो, आणि मग पुन्हा कान आणि कानसच लागते. पिकअपचे ते स्क्रू म्हणजे गिटारचा धागाच समजा.

विशेषणांबद्दल तर बोलूच नका. 'क्रीमी' म्हणजे काय? साय? मी नातवाला म्हटले, मराठीत सांग. खणखणीत, घोगरा, बसका, पिचका, कोंदलेला, किनरा, ठसठशीत, भरदार, फाटका... आवाजाला आपल्याकडे इतके शब्द आहेत, आणि प्रत्येकाला काहीतरी अर्थ आहे. पाच मिनिटे विचार करून म्हणाला, "आजी, कोंदलेला आहे गं." झाले! कोंदलेला आवाज कशाने होतो? गंजलेल्या तारांनी होतो, लांबलचक स्वस्त केबलने होतो, तारांच्या फार जवळ चढवलेल्या पिकअपनेही होतो. त्याच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या होत्या? गेल्या गणपतीत!

नातेवाईकांपैकी काहींनी फोन करून "त्या ढणढणाटात कसला आलाय गोडवा, गिटारच विकून टाका" असा सल्ला दिला. त्यांनाही माझे तेच सांगणे, आधी ऐका. रेडिओवर व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या गिटारवरची सिनेमाची गाणी ऐकताना हेच लोक माना डोलवायचे. तीही वीजेवरचीच गिटार होती.

तर नातवाशी असा करार केला आहे. त्याच्या एका मित्राकडे हुबेहूब त्याच मॉडेलची गिटार आहे आणि तिला तो परदेशी हंबकर बसवलेला आहे. दोन्ही गिटारींना एकाच कंपनीच्या नव्या तारा चढवायच्या, त्याचे पैसे माझे. केबल एक, ॲम्प्लिफायर एक, आवाजाची पातळी सारखी. वाजवणार मित्र, आणि हा डोळ्यांना माझा जुना मफलर बांधून बसणार. दहा खेपा. त्यातल्या आठ वेळा कोणता पिकअप ते बरोबर ओळखले आणि तोच त्याला जास्त आवडला, तर एक पिकअप त्याने घ्यायचा, दुसरा मी माझ्या पेन्शनमधून देणार. तारा मागवल्या आहेत. येत्या रविवारी सकाळी, लाइट असली तर.