आपोआप काही होत नसतं!

युरोपात छोट्या जहाजावर आठवडा काढून आलेला मित्र परवा भेटला. म्हणे, "अरे, तिथं सगळं आपोआप होतं! नाश्ता करून आलो की खोली चकाचक."

आपोआप? मंडळी, आपण सॉफ्टवेअरवाले. मागं कुणीतरी जागत असतं, हे आपल्याला तरी कळायला हवं ना? अशा जहाजांवर गोव्याची कितीतरी पोरं महिनोन्महिने राबतात. २००६चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार भारतानं २०१५ साली स्वीकारला. त्यात आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम चालतं. आणि आपण शनिवारी एक कॉल आला की कुरकुरतो!

मला यात आमचा धाराशिव जिल्हा दिसतो. इथली जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात, साखर आपल्या चहात "आपोआप" पडते. जहाजावरच्याला निदान कागदावर तरी तासांची मर्यादा आहे. कोयत्याला? गाडी रात्री आली की रात्री भरायची.

"टीप दिली की" म्हणू नका. टीप ही मर्जी, हक्क नव्हे. मित्राला विचारलं, खोली आवरणाऱ्याचं नाव काय रे? आठवेना. फोटो मात्र चारशे.

असो. चहा घ्या.