स्वभावाला औषध नाही?

गेल्या दिवाळीत या सदरात आपण झोपेविषयी बोललो. यंदाचा विषय आहे स्वभाव.

कुणी तिरसटपणे वागू लागले की 'स्वभावाला औषध नाही' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण जन्मभराचा स्वभाव वेगळा आणि पन्नाशी-साठीत बदललेला स्वभाव वेगळा. हा फरक का महत्त्वाचा, हे आपल्या ऑकलंडमधल्या एका संशोधनातून छान कळते.

ऑकलंड विद्यापीठात १९९३पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. तारानाकीत वाढलेले प्राध्यापक रिचर्ड फॉल यांनी ती उभी केली. मृत्यूनंतर मेंदू दान करणाऱ्यांत हंटिंग्टन आजाराची अनेक कुटुंबे आहेत. हा आजार आनुवंशिक. आई किंवा वडिलांना असला, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. दोष एकाच जनुकात, पण रूपे निराळी. कुणाचे हातपाय आपोआप हलू लागतात, तर कुणी आधी उदास किंवा चिडखोर होतो.

असे का, हे शोधण्यासाठी फॉल, मानसशास्त्रज्ञ लिनेट टिपेट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, घरच्यांकडून माहिती घेतली आणि मग मेंदूतल्या पेशी मोजल्या. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना मुख्यतः हालचालींचा त्रास होता, त्यांच्या मेंदूत हालचाली चालवणाऱ्या भागातल्या पेशी घटल्या होत्या. ज्यांची मनःस्थिती बिघडली होती, त्यांच्या पेशी घटल्या होत्या 'सिंग्युलेट' नावाच्या पट्ट्यात. मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या आतल्या बाजूचा हा पट्टा भावनांशी निगडित आहे. म्हणजे घरच्यांनी वर्षानुवर्षे सोसलेली चिडचिड हा त्या माणसाचा दुष्टपणा नव्हता, आजार होता.

हंटिंग्टन तसा दुर्मीळ. पण हाच धडा इतरत्रही लागू पडतो. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात मेंदूचा पुढचा भाग आधी झिजतो. बहुधा ४५ ते ६५ या वयात तो सुरू होतो. सुरुवातीला स्मरणशक्ती बरी असते, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. मात्र मायाळू माणूस कोरडा होतो, मुखदुर्बळ माणूस चारचौघांत नको ते बोलतो, काटकसरी माणूस पैसे उधळू लागतो. या प्रकारावर बरे करणारे औषध अजून नाही, पण निदान झाले की घरातला दोषारोप थांबतो आणि पैशांचे व्यवहार वेळीच सांभाळता येतात.

आणि प्रत्येक बदल म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, बी-१२ची कमतरता यांनीही वागणे बदलते. शाकाहारी घरांत बी-१२कडे विशेष लक्ष हवे. या सगळ्यांवर उपचार आहेत. म्हणजे कधी कधी 'स्वभावाला' औषध असतेच!

आपण दूर राहणारी माणसे. आईबाबा फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणतात. दिवाळीच्या फोनवर भावाला, वहिनीला, शेजारच्या काकूंना नेमके विचारा: 'बाबा पूर्वीसारखे वागतात का? काय बदललं? कधीपासून?' ते तारखांसह लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. इथे स्वतःच्या घरातही तसे जाणवले, तर जीपीकडे एकत्र जा. बदललेल्या माणसाला स्वतःला तो बदल बहुधा दिसत नाही. तो घरच्यांनाच सांगावा लागतो.

शुभ दीपावली!