बंद खोलीतला धूर

दिवेलागणीला खिडक्या-दारे लावून घ्यावयाची आणि खाटेखाली पत्र्याच्या टोचणीवर डासांची कॉइल पेटवून ठेवावयाची, हा परिपाठ आपल्या चाळींतून आणि खेड्यांतल्या घरांतून इतका अंगवळणी पडला आहे की, सकाळी फरशीवरचे राखेचे वेटोळे केरसुणीने लोटताना, रात्रभर जळालेला बाकीचा ऐवज गेला कोठे, हा प्रश्न कोणाच्या मनाला शिवतही नाही. त्यातला बराचसा धूर होऊन त्या खोलीत निजलेल्यांच्या श्वासात गेलेला असतो.

कॉइलमध्ये अ‍ॅलेथ्रिन किंवा त्याच कुळातले जे डासनाशक द्रव्य असते, त्याचे प्रमाण बहुधा शंभरात एक भागाहूनही कमी; उरलेला सारा लाकडाचा भुसा, करवंटीची पूड आणि चिकटवण्यापुरते पिष्ट, आणि हे सर्व ज्योत न धरता सात-आठ तास धुमसत राहते. अशा अपूर्ण ज्वलनातून फॉर्मॅल्डिहाइडसारखे दाहक वायू निघतात, आणि नाकाला न अडता थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचणारे अतिसूक्ष्म कणही निघतात. चीन व मलेशियातील कॉइलींची परीक्षा करून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा की, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात.

सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असावा, असा दंडक आपल्या सरकारने घातला आहे. कॉइलच्या वेष्टनावर १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये द्रव्याचे नाव व प्रमाण छापले जाते, परंतु धुराच्या मोजमापाचा तेथे मागमूस नसतो. बाहेरच्या हवेतील सूक्ष्म कणांसाठी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ही चोवीस तासांची मर्यादा २००९ साली मुक्रर झाली. घरातल्या हवेला अशी बंधनकारक मर्यादा नाही, आणि तान्ही मुले व म्हातारी माणसे तर दिवसाचा बहुतेक काळ घरातच असतात.

ज्याच्या परसात गटार तुंबले आहे त्याला कॉइल टाकून दे म्हणणे, हा शुद्ध निष्ठुरपणा होय. हिवताप खरा आहे, डेंग्यूही खरा आहे, जरी डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावत असल्यामुळे रात्रीच्या धुराने तो फारसा आवरत नाही. म्हणून गटारे वाहती ठेवणे आणि साचलेल्या पाण्यातील अळ्यांचा नाश करणे यांत नगरपालिकांच्या आरोग्य खात्यांनी हयगय करता कामा नये. आणि धुराची मोजणी करून ती ठळक मराठीत वेष्टनावर छापण्याची सक्ती सरकारने उत्पादकांवर केली पाहिजे.

तोवर वाचकांना एवढीच विनंती, की घरात तान्हे मूल किंवा दमेकरी असेल तर मच्छरदाणीच लावावी, आणि कॉइल पेटवणे अपरिहार्यच झाले तर एक खिडकी रात्रभर उघडी ठेवावी.