प्लॅन वाढवण्याआधी एक केबल जोडून पाहा

घरातले वाय-फाय रखडते म्हणून कस्टमर केअरला फोन केला, की पलीकडून बहुतेकदा एकच सल्ला मिळतो, 'सर, वरचा प्लॅन घ्या.' आमच्या बाबांनी तो ऐकला. ४० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा झाला, महिन्याचे बिल तीनशे रुपयांनी वाढले आणि घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल पूर्वीसारखाच अडकत राहिला. घरात इंजिनीअर असून त्याचे कारण शोधायला तीन महिने लागले, हे कबूल करायला हवे.

इंटरनेट संथ आहे की वाय-फाय, हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही जास्त भरू नये, असे माझे मत आहे. कंपनीची फायबर राउटरपर्यंत येते. तिथून कॉम्प्युटरपर्यंतचा प्रवास हवेतून होतो आणि प्लॅन कितीही मोठा घेतला तरी हा टप्पा सुधारत नाही.

तपासणी सोपी आहे. शे-दीडशे रुपयांची लॅन केबल आणा, राउटर आणि कॉम्प्युटर थेट जोडा आणि स्पीड टेस्ट करा. मग केबल काढून, नेहमीच्या जागेवरून वाय-फायवर तीच टेस्ट करा. आमच्याकडे केबलवर ९४ आणि वाय-फायवर जेमतेम ३० आले. म्हणजे कंपनी देत होती, घरात पोहोचत नव्हते.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडल्या, तर 'लिंक स्पीड' ७२ एमबीपीएस दिसला. तिथेच उलगडा झाला. कॉम्प्युटरला लावलेला जुना डोंगल एकाच अँटेनाचा आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा होता. अशा डोंगलची नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर कमाल मर्यादाच साधारण ७२ असते आणि प्रत्यक्षात हाती येतो त्याच्या निम्म्याच्या आसपास वेग. त्याच्यासाठी ४० चा प्लॅन काय आणि १०० चा काय!

त्यात २.४ गिगाहर्ट्झवरची गर्दी. सोसायटीत वाय-फाय शोधले की शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावे सहज दिसतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात, १, ६ आणि ११. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही इथेच लुडबुडतात. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. यूएसबी ३.० च्या उपकरणांमधूनही याच पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. आमचा डोंगल नेमका बाहेरच्या हार्ड डिस्कला खेटून होता. साध्या यूएसबी एक्स्टेंशन केबलने तो दूर नेला आणि कॉल तुटणे बरेच कमी झाले.

५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त आणि गर्दी कमी, पण भिंती त्याला कमी मानवतात. म्हणून राउटरची जागा महत्त्वाची. ती बहुतेक घरांत ठरते तंत्रज्ञाच्या सोयीने, म्हणजे वायर जिथून आत आली तिथे. आमचा राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला होता. तो पॅसेजमध्ये उंचावर आणला. फायबर मात्र स्वतः ओढाताण करून हलवू नका, ती वाकली की तुटते.

वेग बरा असूनही जोडणी मध्येच सुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अडॅप्टरचा पॉवर मॅनेजमेंट टॅब पाहा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा तिथे कॉम्प्युटरला दिलेली असते. ती खूण काढून टाका. हा टॅब सगळ्याच लॅपटॉपवर दिसत नाही. मग निर्मात्याच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकून पाहावा.

केबलवरही वेग कमीच आला, तर दोष वाय-फायचा नाही. दोन-तीन दिवस रात्रीच्या वेळी केबलवरचेच आकडे वेळेसह टिपून ठेवा आणि तक्रार क्रमांक घ्या. 'वाय-फायमुळे होत असेल' हे उत्तर मग चालत नाही. खरे तर जोडणी देतानाच केबलवरचा आणि ग्राहक बसतो त्या जागेवरचा, असे दोन्ही वेग दाखवणे कंपन्यांना सक्तीचे असावे.

आम्ही ५ गिगाहर्ट्झ चालणारा नवा डोंगल आणला, साधारण तीन महिन्यांच्या वाढीव बिलाच्या किमतीत. बाबांनी प्लॅन पुन्हा ४० वर आणला. कस्टमर केअरच्या मुलीने कारण विचारले, तेव्हा त्यांनी तिलाही केबल जोडून पाहायला सांगितले.