जमीन आहे, मग घोटाळा कसला?

लोणावळ्यात लोकांच्या ठेवी गोळा करणाऱ्या सहारा समूहाचा विषय निघाला की बचावाचे एक वाक्य ठरलेले असते: बाकीचे पैसे घेऊन पळाले, यांनी निदान अॅम्बी व्हॅली तरी उभी केली. वाक्य अगदीच पोकळ नाही. भुशी धरण मागे टाकून आंबवण्याच्या रस्त्याला लागावे आणि कोराईगड चढावा. तटावरून खाली तळी, बंगले, धावपट्टी सगळे दिसते. तालुका मुळशी असला तरी स्टेशन आणि बाजारपेठ लोणावळ्याची, त्यामुळे हे शहर मावळच्या माणसाच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. जे समोर दिसते त्याला खोटे कसे म्हणायचे?

या वाक्याला एक सुशिक्षित जोडीदारही आहे. त्याच्या मते ठेवींच्या फसव्या योजना हा एक गुन्हा आणि कंपन्यांच्या हिशेबातली लबाडी हा वेगळाच. पहिल्यात हावरट माणूस बुडतो, दुसऱ्यात शेअर बाजार. पहिला विषय पोलिसांचा, दुसरा सनदी लेखापालांचा. मला ही दोन्ही मते अमान्य आहेत.

हावेचे आधी पाहू. चार्ल्स पाँझीने 1920 साली बोस्टनमध्ये 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचे आमिष दाखवले होते. सहाराचा सामान्य ठेवीदार असल्या आमिषाचा बळी नव्हता. बँकेच्या दारात अवघडणारा, ओळखीच्या एजंटाकडे थोडी थोडी रक्कम भरणारा तो माणूस. व्याज चमत्कारिक नव्हते. त्याला हावरट म्हणणे म्हणजे चोरीचा दोष कुलपाला देणे.

आता योजना चालते कशी ते पाहू. ठेवीवरचे व्याज कुठून तरी यावे लागते. धंद्यातून आले तर प्रश्नच मिटला. धंदा तेवढे कमावत नसेल तर दोन वाटा उरतात. नव्या ठेवीतून जुनी फेडायची, किंवा जुनी फेडली असे लिहून तीच नवी म्हणून पुन्हा जमा दाखवायची. पहिल्या वाटेला सतत नवी माणसे लागतात, दुसरीला फक्त पेन लागते. सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर नवे-जुने करणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

एप्रिल 2025 मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने अॅम्बी व्हॅली आणि परिसरातली 707 एकर जमीन जप्त केली, तेव्हा त्यांचा आरोप नेमका हाच होता. मुदत संपलेली ठेव परत न देता ठेवीदाराला ती पुन्हा गुंतवायला लावली. हिशेबात मात्र एका योजनेत परतफेड आणि दुसरीत नवी गुंतवणूक दाखवली. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचा आहे. पण तो खरा असेल तर त्यात आधी फसवणूक आणि मग ती झाकणारा हिशेब असा क्रमच उरत नाही. खतावणीतली ती नोंद हीच फसवणूक. ती नसती तर मुदत संपल्याच्या दिवशीच एजंटाच्या दारात रांग लागली असती.

सहाराची बाजू या ठिकाणी ऐकली पाहिजे, कारण ती दिसते तितकी लेचीपेची नाही. 31 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना सुमारे 3 कोटी गुंतवणूकदारांकडून रोख्यांवर घेतलेले 24 हजार कोटी रुपये 15 टक्के व्याजासह परत करायला सांगितले. त्यानंतर 127 ट्रक भरून कागदपत्रे सेबीकडे पाठवण्यात आली. सहाराचे म्हणणे, बहुतेकांचे पैसे आम्ही आधीच दिले आहेत. आणि खरोखरच मार्च 2022 पर्यंत सेबीला जेमतेम 138 कोटी रुपयेच वाटता आले. मागणारेच नाहीत, मग देणे कुणाचे?

उत्तर सोपे आहे. 20-20 हजार कोटी परत केले असतील तर ते कोणत्या तरी खात्यातून गेले असतील, त्या खात्यात कुठून तरी आले असतील, आणि त्याची नोंद ट्रकभर कागदांची वाट न पाहता एका बँक उताऱ्यात सापडेल. न्यायालय वर्षानुवर्षे नेमके हेच विचारत राहिले. शिवाय ठेव एका पावतीवरून दुसऱ्या संस्थेच्या पावतीवर गेली असेल, तर जुन्या पावतीचा दावेदार उरणारच नाही. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेबीकडच्या त्याच पडून राहिलेल्या निधीतून 5,000 कोटी काढून सहाराच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी दिले आणि जुलैत परताव्याचे पोर्टल सुरू झाले. एका दारात कुणी नव्हते, शेजारच्या दारात रांग होती.

आता जमीन. ऑगस्ट 2020 मध्ये केंद्रीय सहकार निबंधकांनी कळवले की या चार संस्थांनी सुमारे 86,673 कोटी रुपये गोळा केले आणि त्यातले 62,643 कोटी अॅम्बी व्हॅली लिमिटेड या एकाच कंपनीत गुंतवले. सहाराने गैरव्यवहार नाकारला. ठीक, आपण गैरव्यवहार हा शब्द बाजूला ठेवू आणि फक्त बेरीज-गुणाकार करू. 2017 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने अॅम्बी व्हॅली लिलावात निघाली तेव्हा राखीव किंमत 37,392 कोटी होती, आणि त्या किमतीला ती गेली नाही. जप्त केलेल्या 707 एकरांची किंमत संचालनालयाने सुमारे 1,460 कोटी धरली, म्हणजे एकरी दोन कोटींच्या आसपास. प्रकल्पाचा सांगितला जाणारा साडेदहा हजार एकरांचा विस्तार याच दराने मोजला तर आकडा 22 हजार कोटींच्या आत राहतो. हा हिशेब ढोबळ आहे, बांधलेले आणि पडीक एका भावात धरणारा. तरी 62 हजारांशी त्याचे नाते जुळत नाही.

मावळात जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असते की सातबारा खरा असू शकतो आणि सांगितलेला भाव खोटा. भाव खरा ठरतो खरेदीखतावर, बाहेरचा माणूस पैसे मोजतो तेव्हा. बाजारात न नोंदलेल्या कंपनीच्या शेअरला तर रेडी रेकनरही नाही. घेणारा आणि विकणारा एकाच घरचे असले की किंमत ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून "जमीन आहे ना" हा बचाव आकड्याला हातच लावत नाही. कोराईगडावरून तळे दिसते; ते ताळेबंदात कितीला लिहिले आहे ते दिसत नाही.

उलट बाजूने पाहिले तरी हेच. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंनी 7 जानेवारी 2009 रोजी कबूल केले की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. ती साखळी योजना नव्हती. पण त्याआधीच्या डिसेंबरात त्यांनी काय करून पाहिले? घरच्याच मायटास कंपन्या, म्हणजे जमीन आणि बांधकाम, सत्यमला विकण्याचा घाट घातला, जेणेकरून खोट्या रोकडीच्या जागी खरी मालमत्ता बसावी. सत्यमला रोकडीचे खड्डे जमिनीने बुजवायचे होते. आपल्या मुंबईतल्या पीएमसी बँकेत तर दोन्ही प्रकार एकाच छपराखाली आले. एचडीआयएल या बांधकाम गटाची 44 बुडीत कर्जखाती लपवायला 21,049 खोटी खाती रचली होती. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला हजारच रुपये काढता येत होते. हा ठेवीचा घोटाळा की हिशेबाचा? त्या बँकेच्या दारात उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षकाला हा भेद विचारून पाहावा.

लेखापरीक्षण झाले होते, हाही बचाव असतो. सत्यमचेही झाले होते. तपासणाऱ्याने बँकेची शिल्लक कंपनीने दिलेल्या कागदावरून मान्य केली तर त्याने कंपनीचेच अक्षर दुसऱ्यांदा वाचले, इतकेच.

मग मागायचे काय? महाराष्ट्राचा 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा आणि केंद्राचा 2019 चा अनियंत्रित ठेव योजनांवरील बंदीचा कायदा आहेतच. पण व्यवहारात ते जागे होतात ते ठेव बुडाल्यावर. त्याआधी कामाला येईल अशी माहिती फारशी नाही. वर्षभरात मुदत संपलेल्या ठेवींपैकी किती रोख किंवा बँकेतून परत गेल्या आणि किती फिरवल्या, हे दोन वेगळे आकडे. व्याज कुठल्या उत्पन्नातून दिले, आणि त्यात आपल्याच गटाच्या कंपनीशी केलेल्या विक्रीचा नफा किती. तपासणाऱ्याने शिल्लक थेट बँकेकडून आणि काही ठेवी थेट ठेवीदाराकडून पडताळायच्या, संस्थेच्या हातून नाही.

यावर लहान पतसंस्थांचे चालक म्हणतील, एवढा व्याप आम्हाला झेपणार नाही. ज्या संस्थेची रोजकीर्द रोजच्या रोज लिहिली जाते, तिला हे आकडे काढायला एक दुपार पुरते. फिरवलेल्या ठेवी वेगळ्या काढायला ज्यांना वर्ष लागेल, त्यांच्या वार्षिक सभेत अहवाल वाचल्याचे गृहीत धरून मंजूर करण्याची प्रथा सभासदांनी त्या एका वर्षापुरती तरी मोडावी.